धाकट्याने आधी बोलावे

३ सप्टेंबर, रविवार

आज मेहुण्याने माझ्या पाठीत सुरा खुपसला, आणि तोही आधी डोळे मिटून प्रार्थना करून.

उपासना आटोपली होती. लोक खुर्च्यांच्या घड्या घालायला उठणार, तेवढ्यात हा उभा राहिला. धंद्याने घड्याळवाला, बोलतानाही एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवतो. त्याने उचलून ठेवलेले शब्द असे : आपल्या मंडळीला आता पाळक हवा. परिषदेकडे मागणी करावी. ते शिकलेला, दीक्षा झालेला माणूस पाठवतील, तो उपदेश करील, मंडळी सांभाळील.

परिषद म्हणे. ज्या परिषदेच्या अध्यक्षाच्या अंगठीला आणि उंच खुर्चीला विटून आम्ही वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलो, तीच परिषद. मी, माझी बायको, तिचा हा थोरला भाऊ आणि आणखी तीन-चार घरं. रंगाच्या दुकानावरची ही खोली तेव्हा भाड्याने घेतली. इथे प्रार्थनेला टर्पेंटाइनचा वास येतो, पण त्या दगडी चर्चमधल्या मेणबत्त्यांपेक्षा मला तो नेहमीच जास्त पवित्र वाटला. कारण इथे कोणी धनी नाही, देखरेखीला नेमलेले वडील तेवढे आहेत, मी आणि मेहुणा. पौलाने इफिसहून बोलावून घेतले ते एका मंडळीचे अनेक वडील होते. पेत्रासारखा पेत्र स्वतःला सोबतीचा वडील म्हणवतो. आणि प्रभूने तर साफ सांगून ठेवलं आहे की कोणाला गुरू म्हणू नका, तुम्ही सगळे भाऊ आहात. एकाने मंडळीवर बसावं याला शास्त्रात तसूभर जागा नाही. मी हे ऐकून नाही, वाचून सांगतो. माझ्या दुकानात पुस्तकबांधणीला आलेला एकही धर्मग्रंथ मी वाचल्याशिवाय परत केलेला नाही.

मी लगेच ओट्यावर गेलो आणि उत्तर दिलं. (आमच्याकडे व्यासपीठ नाही, याचा मला अभिमान आहे. हा फळ्यांचा वीतभर ओटा आहे, मागच्या रांगेला दिसावं म्हणून केलेला.) बोलता बोलता दुपार झाली. मंडळीतल्या ड्रायव्हरची बायको मूल रडतंय म्हणून बाहेर गेली. मूल झोपलेलं होतं असं मला वाटलं. शेवटी मी मंडळीचं पवित्र शास्त्र मिटलं ते जरा जोरात मिटलं आणि त्याची पाठ तडकली.

कोणी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांना धक्काच बसला असणार.

घरी येताना बायको म्हणाली, "दादाच्या मनात काही वाईट नसतं हो."

"तेच तर वाईट आहे," मी म्हणालो.

५ सप्टेंबर, मंगळवार

मंडळीचं पवित्र शास्त्र दुकानात आणलं आहे. नुसती पाठ चिकटवून भागणार नाही. जुजं सुटली आहेत, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या ज्या घड्या एकमेकींना शिवून पुस्तक होतं, त्याच मोकळ्या झाल्या आहेत. सगळं उसवून पुन्हा शिवायचं, खळ लावायची, दाबाखाली ठेवायचं, मग नवं कापड.

पुस्तक जिथे जास्त उघडतं तिथे मोडतं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. हे दोन जागी मोडलं आहे : तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांपाशी आणि करिंथकरांच्या पत्रांपाशी. तिथली पानं काठाला काळी पडली आहेत. चारही शुभवर्तमानं मात्र अजून कोरी करकरीत, डोंगरावरच्या प्रवचनाची दोन पानं तर कडेला एकमेकांना चिकटलेली निघाली. सुरी घालून सोडवली. मूळ बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा. वीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

१० सप्टेंबर, रविवार

आज दियत्रफेसवर बोललो. योहानाचं तिसरं पत्र, जेमतेम पानभर. मंडळीत पहिलं होण्याची हाव असलेला हा माणूस : बाहेरून आलेल्या भावांना आत घेत नाही, जे घेतात त्यांनाच बाहेर काढतो, वाटेल ते बरळतो. मी म्हणालो, असा मनुष्य एकदम येत नाही. तो आधी सेवा करतो. आधी दार उघडतो, मग किल्ली ठेवतो, मग कुलूप बदलतो. तुम्ही परिषदेचा पाळक आणा, आणि बघा तुमच्या छातीवर दियत्रफेस बसतो की नाही.

माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत चांगलं भाषण असावं. सुई पडली तरी ऐकू आली असती. काही जण माना खाली घालून बसले होते. शिंप्याने तर दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, त्याचे खांदे हलत होते. इतका हेलावला तो.

नंतर जिन्यात नर्सबाई भेटल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून रुग्णाकडे बघावं तसं माणसाकडे बघतात.

"छान वर्णन केलंत," म्हणाल्या. "अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला."

"दियत्रफेस?"

"हो. तोच."

१३ सप्टेंबर, बुधवार

मेहुणा दुकानात आला. मी शिवणीच्या चौकटीवर होतो, हात मोकळे नव्हते. नाहीतर बाहेरच काढला असता.

"भाऊजी, रागावलात?"

"मी रागावत नाही. मला चीड येते. दोन्हींत फरक आहे."

तो स्टुलावर बसला. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय हे त्याला आल्या आल्या दिसलं असणार, पण आज त्याने ते उतरवलं नाही.

"मंडळी रोडावतेय," तो म्हणाला. "मागच्या दोन रांगा आता आपण मांडतही नाही. लोकांना काही बोलायचं असतं, पण..."

"मग बोलावं. मी काय तोंडं शिवलीत कोणाची?" हातात सुई होती, ती त्याला दाखवली.

"तिसरे वडील वारले त्याला किती वर्षं झाली? त्यांच्या जागी आपण कोणाला नेमलं नाही."

"कोण आहे लायक? तीमथ्याच्या पत्रात लक्षणं दिलीत, ती काय मी दिलीत? शिंपी शिकवण्यात निपुण नाही. ड्रायव्हर तापट आहे."

"तापट," तो म्हणाला, आणि गप्प बसला. त्याची ही गप्प बसण्याची सवय मला लहान मुलाच्या हट्टासारखी वाटते. माझं डोकं फिरलं.

"लायकीचंच बोलायचं तर आणखी एक लक्षण आहे. ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार? तुझा मुलगा मंडळीत पाऊल टाकत नाही. तू अजून वडीलपदावर आहेस ही माझी मेहेरबानी समज."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तो का येत नाही, विचारलंत कधी?"

"बापाने विचारायचं असतं ते."

"बापाने विचारलंय," म्हणाला आणि गेला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय.

१७ सप्टेंबर, रविवार

घराची व्यवस्था या विषयावर बोललो. कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की आपल्यातच असे वडील आहेत ज्यांचा मुलगा रविवारी बसच्या गाड्यांखाली झोपतो आणि ज्यांना त्याची लाज वाटत नाही. आमच्यात वडील दोनच आहेत हे खरं, पण नाव मी घेतलं नाही.

मेहुण्याची बायको मधेच उठून जिना उतरून गेली. मेहुणा बसून राहिला, हातातल्या रुमालाची घडी घालत, उलगडत, पुन्हा घालत.

माझ्या बायकोला मुद्दा पुरता पटलेला दिसतो. घरी आल्यापासून एका शब्दाने प्रतिवाद केलेला नाही. एका शब्दाने बोललेलीच नाही.

२० सप्टेंबर, बुधवार

आज भाचा दुकानात आला, मेहुण्याचा मुलगा. बसच्या आगारात मेकॅनिक आहे. तीस वर्षांचा बाप्या, पण दारात असा उभा की पाय पुसायचेत की नाही याची खात्री नसावी.

"काका, एक सांगायचं होतं. मला काय बोलायचं ते बोला. माझं नाव पुढे करून बाबांना मारू नका."

"मी नाव घेतलं नाही."

"गाड्यांखाली झोपणारा आपल्या मंडळीत दुसरा कोण आहे?"

मी म्हटलं, एवढं लागलं असेल तर रविवारी ये, प्रश्न मिटेल. त्यावर त्याने जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. तीन वर्षांपूर्वी म्हणे तो रात्रपाळी संपवून, घरी न जाता, तसाच उपासनेला आला होता, आणि मी ओट्यावरून म्हणालो होतो की काही जण परमेश्वराच्या डोंगरावर काळ्या तेलकट हातांनी चढू बघतात. लोक वळून बघायला लागले. कोणी तरी हसलं.

"मी हात खिशात घातले," तो म्हणाला. "प्रार्थनेला जोडायचे होते, पण खिशातच ठेवले."

आता याला काय म्हणावं? स्तोत्रात स्वच्छ हातांचा दाखला आहे, त्यावर मी बोलत होतो. तो अंतःकरणाचा दाखला आहे, ग्रीसचा नव्हे. हल्लीच्या पिढीला रूपक म्हणून काही कळत नाही. मी त्याला ते सगळं नीट समजावून सांगितलं, स्तोत्राची पार्श्वभूमीही सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं," म्हणाला. जाताना काउंटरवरच्या पवित्र शास्त्राच्या सुट्या जुजांकडे बघत विचारलं, "हे पुन्हा जोडता येतं?"

"येतं. वेळ लागतो."

त्याने हात लावला नाही. मग एकदम लक्षात आलं की हात आजही खिशातच होते.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

सापळा. शुद्ध सापळा.

पाळकाच्या प्रश्नावर एक ऑक्टोबरला सभा ठरली आहे. ठीक. मला सभेची भीती कधी वाटली नाही. समोर माणसं बसली की माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. पण आज मेहुण्याने शिंप्याकरवी निरोप धाडला : सभा जुन्या नियमाने घ्यावी.

जुना नियम म्हणजे माझाच नियम. मंडळी सुरू केली तेव्हा मी तो घालून दिला होता. परिषदेच्या बैठकांत अध्यक्ष आधी बोलायचे आणि मग सगळे नंदीबैलासारखे माना डोलवायचे, त्याचा मला वीट आला होता. म्हणून मी ठरवलं : आमच्याकडे वयाने सगळ्यांत धाकटा असेल त्याने आधी बोलावं, मग त्याच्याहून मोठ्याने, आणि वडिलांनी अगदी शेवटी. मधे कोणी कोणाला तोडायचं नाही. आणि सर्वांचं एकमत झाल्याखेरीज काहीही ठरवायचं नाही. एकाचा जरी नकार असला तरी गोष्ट तिथेच थांबली.

पहिली दोन-तीन वर्षं आम्ही तो पाळला. पुढे वेळ पुरेना. मीच आधी विषय मांडू लागलो आणि लोक आमेन म्हणू लागले. काम लवकर उरकायचं. एकमत तर रोजचंच झालं. इतकी एकमताची मंडळी कुठे सापडायची नाही.

आता तोच नियम माझ्यापुढे उगारला आहे. म्हणजे सगळे बोलून होईपर्यंत मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. नाही म्हणावं तर नियम माझा. हो म्हणावं तर दुपारभर शिंप्याचं धर्मज्ञान ऐकावं लागणार.

बायकोला म्हटलं, "तुझ्या भावाने डोकं चालवलंय."

ती पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली. "नियम चांगला होता तो. मला आवडायचा."

१ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहितो. जसं झालं तसं.

खोली भरली होती. वर्षानुवर्षं न दिसलेली तोंडं आली होती. भाचाही आला आणि मागे, दाराजवळ बसला. मी टिपणं काढून नेली होती : इफिस, क्रेत, पेत्र, योहान, पहिल्या शतकातल्या मंडळ्यांची घडण, एका माणसाच्या हाती सूत्रं कशी गेली, त्याने काय नासाडी झाली. ती टिपणं मांडीवर ठेवून बसलो. ओटा रिकामा होता. रिकामा ओटा मी यापूर्वी पाहिला नव्हता.

सर्वांत धाकटी ड्रायव्हरची मोठी मुलगी, यंदाच बाप्तिस्मा घेतलेली. ती उभी राहिली. म्हणाली, "मला पाळक नको. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, असं शास्त्रात नाही. मी काकांकडूनच शिकले हे."

माझी छाती फुगली. मी मेहुण्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता.

पुढचा उठला, त्याचंही तेच. त्यापुढचीचंही. नको, पाळक नको. आपण सगळे भाऊबहिणी. सगळ्यांना आत्मा दिलेला आहे. कोणी इफिसच्या वडिलांचा दाखला दिला, कोणी पेत्राचा. माझी वाक्यं, माझे दाखले, एका ठिकाणी तर माझा विनोदही. मला वाटलं, वीस वर्षांची पेरणी आज कापणीला आली. टिपणांची घडी करून मी खिशात ठेवून दिली. बोलायची गरजच उरली नव्हती.

मग भाचा उभा राहिला. "मलाही पाळक नको," एवढंच म्हणाला. पण बसताना पुढे बोलला, "एका ओट्यालाच मी घाबरतो. दुसरा कशाला?"

हे बोलणं मला आगाऊपणाचं वाटलं, पण नियमाप्रमाणे गप्प बसलो.

शिंपी म्हणाला, "मला शिकवता येत नाही हे खरं. कधी शिकवू दिलं असतं तर नक्की कळलं असतं." लोक हसले. ड्रायव्हर म्हणाला, मी तापट आहे, पण गाडी चालवताना मागच्याचं ऐकतो. त्यालाही हसले. या हसण्याचा सूर मला आवडेना.

मग माझ्या बायकोची पाळी आली. ती सभेत कधी बोलत नाही. ती मान हलवील आणि पाळी पुढे जाईल असं मी धरून चाललो होतो. ती उभी राहिली, पदर सारखा केला.

"मी लग्नापासून उपदेश ऐकते," ती म्हणाली. "सकाळी चहाला ऐकते, जेवताना ऐकते. चांगला असतो, खोटं कशाला बोलू? पण रविवारी तरी दुसऱ्या कोणाचा ऐकायला मिळाला तर बरं वाटेल."

खोली अशी हसली की खालून रंगाच्या दुकानदाराने काठीने छताला ठोकलं. ती हसली नाही. बसताना माझ्याकडे तिने पाहिलं, रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं.

नर्सबाई उठल्याच नाहीत, बसूनच बोलल्या. "मी आता स्पष्ट बोलते, माझं वय झालंय. पाळक इथे कोणालाच नको होता. घड्याळवाल्यालाही नको होता. तुम्हाला ओट्यावरून खाली कसं बोलवायचं हे त्याला कळेना, तोंडावर सांगायचं धाडस होईना, म्हणून बिचाऱ्याने वरून माणूस मागवायचं ठरवलं. म्हटलं असेल, हे आपलं ऐकायचे नाहीत, निदान दीक्षा झालेल्याचं तरी ऐकतील."

"पण मी कधी..." मी म्हणालो.

"मधे तोडायचं नाही," ड्रायव्हरची मुलगी म्हणाली, आणि स्वतःच घाबरून तिने तोंडावर हात ठेवला.

"दुखणं काय आहे ते तुम्हीच शिकवलंत," नर्सबाई म्हणाल्या. "दियत्रफेस. आम्ही सगळे त्या दिवशी मान खाली घालून बसलो, कारण वर बघितलं असतं तर हसू आलं असतं, नाहीतर रडू. पाळक आणायचा नाही हे कबूल. पण पाळक आधीच आहे हो इथे. त्याचं काय करायचं?"

खालची काठीही थांबली होती.

शेवटून दुसरा मेहुणा. तो हळू बोलला. "पाळकाचं मी मागे घेतो. ते चुकलं माझं, आडून बोललो. आता समोर बोलतो. शिंपी आणि ड्रायव्हर यांना वडील नेमावं. दर रविवारी वेगळ्याने बोलावं. ओटा काढावा. आणि भाऊजी, वर्षभर तुम्ही आमच्यात बसून ऐकावं." मग त्याने चष्मा काढून हातात घेतला. "बाहेर जाऊ नका. तुम्ही गेलात तर मीही इथे बसणार नाही. पण खाली या."

आणि मग माझी पाळी.

एकाचा नकार पुरे होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि सगळ्यांना नियम माहीत होता. मी नाही म्हटलं असतं तर शिंपी नाही, ड्रायव्हर नाही, ओटा जागच्या जागी. एका शब्दाचं काम. अशी एका शब्दाची सत्ता मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली आहे. परिषदेच्या बैठकीत. नकार द्यायला अध्यक्ष बोलतसुद्धा नसत. अंगठीचं बोट टेबलावर वाजवत, की झालं.

मी उठलो. पाय सवयीने ओट्याकडे गेले, एक पाऊल फळीवर पडलंसुद्धा. त्या उंचीवरून सगळ्यांच्या टाळू दिसतात. वीस वर्षं मला वाटत आलं होतं की मला चेहरे दिसतात.

पाऊल मागे घेतलं. जमिनीवरून म्हणालो, "आमेन," आणि बसलो.

माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत लहान भाषण, आणि सर्वांत वाईट.

२ ऑक्टोबर, सोमवार

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी घोळ घालायला नको. मी आमेन म्हणालो ते त्यांचं बरोबर होतं म्हणून नव्हे. शास्त्र बरोबर आहे म्हणून. मुद्दा माझा होता आणि मुद्दा मान्य झाला. एकाने मंडळीवर बसू नये, हे मीच वीस वर्षं सांगत आलो, आणि काल ते एकमताने ठरलं. म्हणजे मी जिंकलो.

हे सकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हो. चहा घ्या."

दुकानात दाबयंत्राचा दांडा इतका आवळला की पुठ्ठा चिरला. दिवसभर कोणाशी बोललो नाही. कोणी आलंच नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

खुर्च्या मांडायचं काम या आठवड्यात माझ्याकडे आलं. नव्या वडिलांनी नेमून दिलं, ड्रायव्हरने. तोंड वर करून म्हणाला, "काका, गोल मांडा." मी म्हणालो, गोलात पुढची रांग कोणती? तो म्हणाला, "नसतेच." हा माणूस तापट नाही, हे लक्षण मी चुकीचं लावलं होतं. हा उद्धट आहे.

तासभर झटलो. कपाटाच्या बाजूला गोल चपटा होतो. दारापाशी वाट ठेवावी लागते. जिथे ओटा होता तिथे पंख्याखाली नर्सबाईंनी आपली खुर्ची आधीच ठेवून घेतली होती, आणि ओट्याच्या फळ्यांतली एक पायांखाली घेतली होती. "गुडघे दुखतात," म्हणाल्या. विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

पवित्र शास्त्र नवं बांधून नेलं होतं. गडद निळं कापड, पाठ गोल, शिवण अशी की पुढची चाळीस वर्षं हलणार नाही. आज उपदेश शिंप्याचा. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि बजावलं की नवी बांधणी एकदम मधे उघडायची नाही, पाठ मोडते. पुढची थोडी पानं, मग मागची थोडी, पुन्हा पुढची, असं दोन्ही बाजूंनी सोडवत मधे यायचं. त्याने हो म्हटलं आणि फाडकन मधे उघडलं. मला ते माझ्या पाठीत ऐकू आलं.

"द्या इकडे," मी म्हणालो, आणि सगळे थांबले असताना मीच ते सोडवत बसलो. थोडं पुढून, थोडं मागून. सवयीने अंगठा लावला की हे पुस्तक आपोआप तीमथ्यापाशी उघडायचं, आज उघडेना. नवी शिवण कोणालाच ओळखत नाही. डोंगरावरच्या प्रवचनाची दोन पानं मी सुरीने सोडवली होती, ती मधे लागली. तिथला कागद इतका पांढरा होता की क्षणभर हे आपलंच पुस्तक का, असं वाटलं.

शिंप्याने त्यावरच बोलायचं ठरवलं होतं. फार वाईट बोलला. दोन जागी अध्याय चुकला. एकदा अडकला तो अडकलाच, सुई हरवल्यासारखा खाली बघत राहिला. मी ताठ झालो, तोंड उघडलं. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जड हात आहे तिचा, मला माहीत नव्हतं.

मेहुणा गोलाच्या पलीकडून माझ्याकडे बघत होता. त्याच्या शेजारी भाचा. प्रार्थनेला सगळ्यांनी हात जोडले तेव्हा मी डोळे उघडे ठेवले, हे शिस्तीला धरून नाही हे कबूल करतो. गोलात बसलं की समोरच्याचे हात दिसतात; हा या मांडणीचा मोठा दोष आहे आणि पुढच्या सभेत मी तो मांडणार आहे. त्याचे हात बाहेर होते. नखांत काळं होतं.

उपासनेनंतर शिंपी विचारायला आला, "कसं झालं?"

मला चाळीस गोष्टी सांगायच्या होत्या. पण नियमाने माझी पाळी शेवटी येते, आणि ड्रायव्हरची मुलगी अजून बोलायची होती. मी म्हणालो, "आधी तिला विचार," आणि खुर्च्यांच्या घड्या घालायला लागलो.